अपडेट हा गाडीतला बदल आहे. चालकाला तो कळलाच पाहिजे



गाडी चालवणे हे अर्धे डोक्याचे आणि अर्धे सवयीचे काम आहे. ब्रेकवर किती पाय दिला की गाडी किती अंतरात उभी राहते, स्टिअरिंग किती फिरवले की ती किती वळते, हे कोणी दर वेळी मोजत बसत नाही. हातापायांना ते ठाऊक झालेले असते. नवी गाडी आली की माणूस पहिले काही दिवस जपून चालवतो, तो गाडीवर हात बसावा म्हणूनच. चालक आणि यंत्र यांच्या या नात्यात आता सॉफ्टवेअर आले आहे. समोरच्या वाहनापासून अंतर राखणारा क्रूझ कंट्रोल, लेन सुटू लागली की स्टिअरिंग मागे ओढणारा लेन असिस्ट, टक्कर होईलसे दिसताच आपोआप लागणारा ब्रेक, या सगळ्याला मिळून आपण ‘ॲडास’ म्हणतो. कॅमेऱ्याने आणि रडारने काय पाहिले, त्याचा अर्थ काय आणि त्यावर ब्रेक लावायचा की नाही, हे सॉफ्टवेअर ठरवते. हे सॉफ्टवेअर बदलता येते. पुष्कळ नव्या गाड्यांत ते मोबाइल नेटवर्कवरून, गाडी पार्किंगमध्ये उभी असताना बदलले जाते. इतर गाड्यांत सर्व्हिसिंगच्या वेळी बदलले जाते. सकाळी किल्ली तीच असते, आर.सी. बुक तेच असते, पण ब्रेक कधी लागेल आणि स्टिअरिंग किती जोराने ओढेल याचा हिशोब वेगळा झालेला असू शकतो. आमचे म्हणणे एकच आहे: चालकाला साहाय्य करणाऱ्या यंत्रणेचा प्रत्येक अपडेट हा गाडीत केलेला बदल मानला जावा. तो चालकाला त्याच्या भाषेत आधी सांगितला जावा, त्याची नोंद राहावी आणि त्याबद्दल उत्पादकाने उत्तरदायी असावे.

हा प्रश्न आता परदेशातला राहिलेला नाही. २०२० मध्ये एम.जी. ग्लॉस्टर अशा सोयी घेऊन भारतात आली. २०२१ मध्ये महिंद्राची एक्सयूव्ही ७०० आली, ती तर आपल्या चाकणला तयार होते. त्यानंतर होंडा सिटी, ह्युंदाई व्हर्ना, टाटा हॅरियर आणि सफारी यांच्या वरच्या मॉडेलांत ॲडास आले. जुलै २०२५ मध्ये टेस्लाने मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात आपले भारतातले पहिले दालन उघडले. मार्च २०२५ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने ट्रक, बस आणि आठपेक्षा जास्त प्रवासी नेणारी वाहने यांत आपत्कालीन ब्रेक, चालकाच्या डुलकीचा इशारा आणि लेन सुटल्याचा इशारा बंधनकारक करण्याचा मसुदा काढला. म्हणजे आज काही लाख रुपये जास्त मोजणाऱ्याच्या गाडीत असलेली ही यंत्रणा उद्या मालवाहू ट्रकमध्ये आणि प्रवासी बसमध्येही असणार आहे.

अपडेटनंतर चालकांना काय अनुभव येतात, याचा सगळ्यात स्पष्ट पुरावा अमेरिकेत सापडतो. तिथल्या गाड्या अधिक वाईट आहेत म्हणून नव्हे, तर तिथली वाहन सुरक्षा संस्था (तिला आद्याक्षरांवरून ‘निट्सा’ म्हणतात) चालकांच्या तक्रारी नोंदवते आणि लोकांपुढे ठेवते म्हणून. ऑक्टोबर २०२१ मधली घटना पाहा. टेस्लाने ‘फुल सेल्फ-ड्रायव्हिंग’ या आपल्या चालक-साहाय्य यंत्रणेच्या चाचणी आवृत्तीचा १०.३ क्रमांकाचा अपडेट चालकांकडे पाठवला. त्यानंतर समोर काही नसताना टक्कर होणार असल्याचे इशारे वाजू लागले आणि काही गाड्यांना आपोआप ब्रेक लागू लागले. कंपनीने एका दिवसाच्या आत तो अपडेट मागे घेतला, दुरुस्त करून पुन्हा पाठवला आणि नंतर ११,७०४ गाड्यांचा रिकॉल, म्हणजे सुरक्षेच्या दोषाची अधिकृत दुरुस्ती मोहीम, नोंदवला. गाडीतल्या दोन चिपांमधला संवाद अपडेटमुळे तुटत होता, असे कारण कंपनीनेच दिले. या गाड्यांचा एक सुटा भागही झिजला नव्हता, एक नट ढिला झाला नव्हता. चांगली चालणारी गाडी अपडेटने बिघडली आणि अपडेटनेच सुधारली. त्या मोजक्या दिवसांत त्या चालकांच्या हाताखाली एकाच गाडीचे तीन वेगवेगळे स्वभाव येऊन गेले.

दुसरे उदाहरण बिघाडाचे नसून जाणूनबुजून केलेल्या निवडीचे आहे, आणि म्हणून ते जास्त गंभीर आहे. अमेरिकेत ‘स्टॉप’च्या पाटीपाशी गाडी पूर्ण थांबवणे कायद्याने आवश्यक आहे. ऑक्टोबर २०२० मधल्या एका अपडेटने टेस्लाच्या चाचणी आवृत्तीत अशी सोय आणली की, ठरावीक परिस्थितीत गाडी ताशी सुमारे ९ किलोमीटर वेगाने ती पाटी ओलांडून पुढे जाईल. निट्साशी झालेल्या चर्चेनंतर ही सोय बंद करण्यासाठी फेब्रुवारी २०२२ मध्ये ५३,८२२ गाड्यांचा रिकॉल जाहीर झाला. मधल्या सव्वा वर्षात सार्वजनिक रस्त्यावर वाहतुकीचा नियम कसा पाळायचा, हे एका कंपनीच्या सॉफ्टवेअर विभागाने ठरवले होते. पाटीसमोरून रस्ता ओलांडणाऱ्या पादचाऱ्याला त्याबद्दल कोणी विचारले नव्हते.

महामार्गावर समोर काहीच नसताना गाडीने जोरात ब्रेक मारायचा, याला तिकडचे चालक ‘फँटम ब्रेकिंग’ म्हणतात. अशा ३५४ तक्रारी नऊ महिन्यांत आल्यावर निट्साने फेब्रुवारी २०२२ मध्ये सुमारे ४ लाख १६ हजार टेस्ला गाड्यांची चौकशी सुरू केली. त्याच वर्षी जूनपर्यंत तक्रारींची संख्या ७५८ झाली. वेग अचानक घटतो, कसलीही सूचना मिळत नाही आणि एकाच प्रवासात हे पुन्हा पुन्हा घडते, असे चालकांचे म्हणणे होते. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये चालकाच्या लक्षावर देखरेख पुरेशी नाही म्हणून ‘ऑटोपायलट’ ही चालक-साहाय्य यंत्रणा असलेल्या २० लाखांहून जास्त टेस्ला गाड्यांचा रिकॉल झाला, आणि तोही अपडेटनेच पार पडला. पण एप्रिल २०२४ मध्ये निट्साने त्या उपायाचीच वेगळी चौकशी सुरू केली, कारण दुरुस्ती मिळालेल्या गाड्यांचेही अपघात होत होते. उपायातला काही भाग मालकाने स्वतः सुरू करायचा होता आणि चालकाला तो सहज बंद करता येत होता, हेही निट्साने नोंदवले. तेव्हा ‘अपडेट पाठवला’ म्हणजे ‘दोष गेला’ असे धरून चालता येत नाही. गॅरेजमधून आलेली गाडी आपण एक फेरी मारून पाहतो. इथे लाखो गाड्या एका रात्रीत दुरुस्त झाल्याचे सांगितले जाते आणि ती फेरी चालकाने आपल्या जिवावर मारायची असते.

कोणी म्हणेल, बिघडवणारा अपडेट वाईट हे खरे, पण सुधारणारा अपडेट तर चांगलाच ना? इथे माणसाच्या मनाची घडण लक्षात घ्यावी लागते. १९४८ मध्ये नॉर्मन मॅकवर्थ या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने रडारवर नजर ठेवणाऱ्यांच्या कामासारखा प्रयोग प्रसिद्ध केला: घड्याळासारखा काटा बघत राहायचे आणि तो क्वचित दुप्पट उडी मारतो ती टिपायची. अर्ध्या तासातच माणसांच्या नजरेतून उड्या निसटू लागल्या. १९८३ मध्ये लिझान बेनब्रिज यांनी स्वयंचलित यंत्रणांवरच्या प्रसिद्ध लेखात दाखवून दिले की, यंत्र जितके जास्त काम करते, तितकी माणसावर उरलेली देखरेख अवघड होत जाते. मग चालक ही देखरेख निभावतो कशाच्या आधारावर? यंत्रणेच्या खोडी ओळखून. त्या वळणावर लेन असिस्ट सोडून देतो, पुलाच्या सावलीत ब्रेक उगाच लागतो, कंटेनरच्या शेजारून जाताना गाडी एका बाजूला सरते, अशी एक यादी त्याच्या डोक्यात तयार होते आणि नेमक्या त्या जागी तो सावध असतो. अपडेटने दहा जुन्या चुका सुधारल्या आणि एक नवी आणली, तर सरासरी सुधारेल, पण चालकाची यादी जुनी झालेली असेल. जिथे भीती नाही तिथे तो ताठ बसेल आणि जिथे खरा धोका आहे तिथे निर्धास्त राहील. म्हणून बदल चांगला असो वा वाईट, तो सांगितला जाणे हाच सुरक्षेचा भाग आहे.

बदल न सांगण्याची किंमत विमान वाहतुकीने मोजली आहे. बोईंग ७३७ मॅक्समध्ये एक नवे सॉफ्टवेअर घातले होते. ते एकाच सेन्सरच्या आकड्यावर विसंबून विमानाचे नाक खाली दाबू शकत होते. वैमानिकांच्या पुस्तिकेत आणि प्रशिक्षणात त्याचा उल्लेख नव्हता. ऑक्टोबर २०१८ मध्ये इंडोनेशियात आणि मार्च २०१९ मध्ये इथिओपियात दोन विमाने कोसळली आणि ३४६ माणसे गेली. भारतासह जगभर ही विमाने जमिनीवर उतरवली गेली. आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्यांना परत परवानगी दिली ती ऑगस्ट २०२१ मध्ये. वैमानिकाला त्या जातीच्या विमानाचे वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते, सिम्युलेटरवर सराव करावा लागतो, शेजारी दुसरा वैमानिक असतो. तरीही अज्ञात बदलापुढे त्यांचा इलाज चालला नाही. मोटारचालकाजवळ आर.टी.ओ.च्या परवान्याशिवाय यातले काहीच नसते, आणि पुढच्या गाडीशी त्याचे अंतर काही सेकंदांचेच असते.

आता आपल्या कायद्याकडे पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांपासून वेगळे होतील असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. यामागचे तत्त्व साधे आहे: मंजूर झालेली गाडी आणि रस्त्यावर धावणारी गाडी एकच असली पाहिजे. पण हा नियम लोखंडाच्या आणि इंजिनाच्या काळात लिहिलेला आहे. मालकाने गाडीची बांधणी बदलली तर कायदा त्याला जाब विचारतो. उत्पादकाने ब्रेक लागण्याचा क्षण बदलला तर मालकाच्या कागदावर त्याची खूणही उमटत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ११०-अ मुळे सरकार सदोष गाड्या परत बोलवायला लावू शकते, आणि त्यासाठी मालकांच्या तक्रारी हा एक आधार धरला आहे. पण एका अपडेटने आलेला आणि पुढच्या अपडेटने गेलेला दोष तक्रारीत सिद्ध करायचा कसा, जर गाडीत कोणत्या तारखेला कोणती आवृत्ती होती याची नोंदच मालकाच्या हाती नसेल? अपघातानंतर पोलीस पंचनामा करतात, टायर पाहतात, ब्रेक पाहतात. त्या दिवशीचे सॉफ्टवेअर मात्र पंचनाम्यात येत नाही.

या मागणीवर घेतले जाणारे आक्षेप आम्ही गंभीरपणे विचारात घेतले आहेत. पहिला आक्षेप असा की, अपडेटने जीव वाचतात आणि अशा अटी घातल्या तर दुरुस्तीला उशीर होईल. अपडेटचे सामर्थ्य आम्हाला मान्य आहे. मे २०१८ मध्ये ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या अमेरिकी ग्राहक मासिकाच्या चाचणीत टेस्ला मॉडेल ३ ला ताशी ६० मैलांवरून थांबायला १५२ फूट लागले होते. कंपनीने काही दिवसांतच अपडेट पाठवला आणि फेरचाचणीत तीच गाडी १३३ फुटांत थांबली. एकोणीस फूट म्हणजे एका माणसाचे प्राण असू शकतात. पण हेच उदाहरण आमचाही मुद्दा सिद्ध करते: ज्या हाताने ब्रेकचे अंतर एकोणीस फुटांनी कमी करता येते, त्याच हाताने ते वाढवताही येते. धोका टाळणारी तातडीची दुरुस्ती जरूर ताबडतोब पाठवावी. तिच्यासोबत चार ओळींची स्पष्ट सूचना पाठवायला उशीर होण्याचे काहीच कारण नाही.

दुसरा आक्षेप असा की, पुस्तिकेत लिहिलेले आहे, हात स्टिअरिंगवर ठेवा, जबाबदारी चालकाची आहे. जबाबदारी चालकाची आहे, हे आम्ही नाकारत नाही. पण माहितीशिवाय जबाबदारी टाकणे न्यायाचे नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ८४ मध्ये, वापराच्या पुरेशा सूचना किंवा चुकीच्या वापराबद्दल इशारा न देणाऱ्या उत्पादकावर हानीची जबाबदारी येऊ शकते, असे स्पष्ट म्हटले आहे. गाडी विकतानाची पुस्तिका जुन्या सॉफ्टवेअरची असेल आणि गाडीत नवे चालत असेल, तर त्या सूचना पुरेशा कशा म्हणायच्या?

तिसरा आक्षेप असा की, अपडेटची सूचना पडद्यावर येते आणि मालक ‘मान्य’ दाबतो. पण ‘किरकोळ सुधारणा आणि दोषदुरुस्ती’ एवढ्या शब्दांवर कोणाला काय कळणार? ट्रक चालवणाऱ्या, मराठी वाचणाऱ्या माणसापुढे इंग्रजीत आलेला मजकूर ही सूचना नव्हे. गाडी नवऱ्याच्या नावावर, ‘मान्य’ दाबले मुलाने आणि सकाळी चालवायला बसली बायको, असे घरोघरी घडते. बस आणि ट्रकच्या बाबतीत मालक एका गावी आणि चालक दुसऱ्या गावी असतो. संमती मालकाची आणि जीव चालकाचा, अशी ही वाटणी आहे.

चौथा आक्षेप उद्योगाचा: नियमांमुळे भारतीय कंपन्या मागे पडतील. वस्तुस्थिती उलटी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या युरोप आर्थिक आयोगाचा नियम क्रमांक १५६ नेमका याच विषयावर आहे. अपडेट कशासाठी आहे, कोणते काम बदलेल, किती वेळ लागेल हे वापरणाऱ्याला आधी सांगावे; नंतर तो यशस्वी झाला की नाही ते कळवावे; अपडेट अर्धवट राहिला तर गाडी जुन्या आवृत्तीवर किंवा सुरक्षित स्थितीत जावी, असे तो सांगतो. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून सर्व नव्या गाड्यांना तो लागू आहे. म्हणजे तिकडे गाडी विकणाऱ्या प्रत्येक कंपनीला हे करता येते आणि ती ते करते. चीनसारख्या वेगाने धावणाऱ्या बाजारातही सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये अशा अपडेटवरची देखरेख कडक केली. आपल्याकडे याच विषयावर ए.आय.एस. १९० या क्रमांकाच्या मानकाचे काम झाले आहे, आणि वाहनांची चाचणी करणारी ए.आर.ए.आय. संस्था तर आपल्या पुण्यातच आहे. ज्ञान आहे, संस्था आहे. आता हे संरक्षण इथल्या चालकाच्या हातात पडायला हवे.

शेवटचा आक्षेप आम्हाला सर्वांत जास्त खटकतो: हा श्रीमंतांच्या गाड्यांचा प्रश्न आहे. कार महामार्गावर विनाकारण ब्रेक मारते, तेव्हा आतल्या माणसाला सीटबेल्ट आणि एअरबॅग असते. मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला यातले काही नसते. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा दुचाकीस्वारांचा होता. कारचे सॉफ्टवेअर काय करते, हा त्या दुचाकीस्वाराचा, सायकलवरच्या शाळकरी मुलाचा आणि रस्ता ओलांडणाऱ्या आजींचाही प्रश्न आहे.

म्हणून केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालय आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण यांच्याकडे आमच्या पाच मागण्या आहेत. पहिली, ब्रेक, स्टिअरिंग, अंतर किंवा इशारे यांत बदल करणाऱ्या प्रत्येक अपडेटची सूचना साध्या मराठीत आणि त्या त्या राज्याच्या भाषेत आधी मिळावी, आणि ती फक्त मालकाला नव्हे, तर अपडेटनंतर गाडीत प्रथम बसणाऱ्या प्रत्येक चालकाला दिसावी. दुसरी, तातडीची दुरुस्ती आणि वागणूक बदलणारा अपडेट वेगळे ठेवावेत. दुसऱ्या प्रकारचा पुढे ढकलण्याचा आणि सुरक्षेला बाध येत नसेल तिथे जुन्या पद्धतीवर परतण्याचा हक्क चालकाला असावा. तिसरी, कोणत्या तारखेला कोणती आवृत्ती गाडीत आली याची कायमची नोंद मालकाला पाहता यावी, जुनी गाडी घेणाऱ्याला मिळावी आणि अपघातानंतर तपासात दाखल व्हावी. चौथी, सुरक्षेचा दोष अपडेटने दुरुस्त केला तरी तो रिकॉल म्हणूनच जाहीर व्हावा. पाचवी, अमेरिकेत जून २०२१ पासून आहे तशी, ही यंत्रणा चालू असताना झालेल्या अपघातांची माहिती सरकारला देण्याची सक्ती उत्पादकांवर असावी आणि ती माहिती लोकांसाठी खुली असावी.

कायदा होईपर्यंत आपल्या हाती काय आहे, तेही सांगतो. आपल्या गाडीच्या पडद्यावर सॉफ्टवेअरची आवृत्ती कुठे दिसते ते आजच शोधा आणि तिचा तारखेसह फोटो काढून ठेवा. सर्व्हिसिंगहून गाडी आणताना ‘सॉफ्टवेअर बदलले का, आणि काय बदलले?’ हे विचारा आणि उत्तर जॉबकार्डवर लिहून घ्या. अपडेटनंतर पहिले काही दिवस गाडी नवी समजून जपून चालवा, आणि घरातल्या प्रत्येक चालकाला तसे सांगा. ब्रेक विनाकारण लागला, लेन असिस्टने भलतीकडे ओढले, तर जागा, वेळ आणि आवृत्ती लिहून कंपनीला आणि सरकारला लेखी कळवा. अमेरिकेतली चौकशी ३५४ माणसांनी तक्रार लिहिली म्हणून सुरू झाली. आपल्यातले प्रत्येक जण लिहील, तर इथेही ती सुरू होईल. हे पत्रक वाचून झाले की गाडी चालवणाऱ्या आणखी एका माणसाच्या हातात द्या.